चारुताच्या अथेन्समधून माझी हद्दपारी

क्रेगीबर्न, मेलबर्न
एकादशी, सन २००८

चि. सौ. वासंतीस,

ताईचे पोटभर आशीर्वाद. गणपतीच्या कृपेने इकडे सगळे ठीक. तुझे गुडघे आणि संजीवरावांचा रक्तदाब कसा आहे ते कळव. (रक्तदाबाचे आधी कळव.)

तुझी चारुता खुशाल आहे, जरा जास्तच. तू तिला माझ्याकडे अकाउंटिंग शिकायला धाडलेस, कारण हल्ली इथे येणारी निम्मी मुले तेच शिकतात आणि त्यावर कायमचे राहायला मिळते म्हणतात. पण युनीत, म्हणजे इथल्या विद्यापीठात, एक जादा विषय घ्यावा लागतो. बाईसाहेबांनी प्राचीन ग्रीस घेतला आणि माझ्या घराचे अथेन्स झाले. आता भाजी कोणती ते मी ठरवायचे नाही, सगळ्यांनी हात वर करून ठरवायचे. (दुधी अजून एकदाही निवडून आलेला नाही.) मी विचारले, तिथल्या बायका कुणाला मत देत? तर म्हणे, बायकांना मतच नव्हते! हे ऐकून तुझ्या भाऊजींनी कित्येक दिवसांनी पेपरातून डोके वर काढले आणि "पुढे वाच गं" म्हणाले.

मग निघाली हद्दपारी. तिथे म्हणे जो डोईजड होई, त्याचे नाव खापरावर खरवडून त्याला दहा वर्षे गावाबाहेर घालवत. मी मडके फोडू दिले नाही, टवका उडालेली बशी दिली. चार तुकडे पडले, तीन तुकड्यांवर माझे नाव! (चौथा माझा. त्यावर तुझे भाऊजी होते.) शिक्षा, महिनाभर स्वयंपाकघर बंद. चारुता म्हणते, "मावशी, हा मान आहे, मोठ्या माणसांनाच घालवत." आमचा निनाद म्हणतो, "नो वरीज आई, आम्ही करतो." त्या रविवारी वरण करपले, भात गिच्च झाला आणि मी सोफ्यावर जपमाळ घेऊन बसले. (खोटे कशाला लिहू, बरे वाटले.)

नैवेद्य मात्र मीच करते, तेवढीच सूट आहे. त्यावर हिचा प्रश्न, एखादी गोष्ट देवाला आवडते म्हणून चांगली, की चांगली आहे म्हणून देवाला आवडते? सॉक्रेटिस नावाचे गृहस्थ असेच वाटेत लोकांना गाठून विचारत. (घरी किराणा कोण आणत होते, ते तिच्या पुस्तकात नाही.) दोन दिवस माझे पूजेत लक्ष लागेना. मग मीच तिला गाठले. अकाउंटिंग तुला आवडते म्हणून शिकतेस का? म्हणाली, "बाबांना आवडते म्हणून." आणि तुला? तर पोरगी ओट्याला टेकून अशी रडली की मला हद्दपारी मोडून आत जावे लागले. वासंती, मी रोज जमाखर्च लिहिणारी बाई. आकडा जुळला की मला किती आनंद होतो ते तुला ठाऊक आहे. तिच्या चेहऱ्यावर तो कधीच दिसला नाही गं. ग्रीसचे सांगताना मात्र दिसतो.

बाकी क्षेम. थोरांना नमस्कार.

तुझी,
ताई

ता. क. चारुता अकाउंटिंग सोडून ग्रीसचाच इतिहास घेणार आहे. अर्ज सोमवारी द्यायचा आहे. इथे कायमचे राहायला मिळेल की नाही, देव जाणे. संजीवरावांना तूच सांग, त्यांचे जेवण झाल्यावर.

आणखी एक ता. क. नुसत्या पोरीच्या मर्जीवर मी सोडलेले नाही, देवापुढे चिठ्ठ्या टाकल्या. ग्रीसचाच कौल आला. (आधी दोनदा अकाउंटिंग आले होते, पण तेव्हा उदबत्ती विझलेली होती.)