शेऱ्याच्या रकान्यातला शब्द

सर, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली आणि तुमच्याशी वाद घालायची हिंमत मला आत्ता कुठे आली आहे. निमित्त एका बोटीचं. भोसरीतल्या माझ्या छोट्या कारखान्यातून पंपाचे सुटे भाग परदेशी जातात. गेल्या महिन्यात माल नेणारी बोट वाटेत रुतली आणि ती हलकी करायला काही व्यापाऱ्यांचा माल समुद्रात टाकावा लागला. विम्याचा माणूस ऑफिसात येऊन म्हणाला, "साहेब, तुमचा माल सुखरूप आहे. पण ज्यांचा गेला त्यांच्या नुकसानीतला वाटा तुम्हालाही उचलावा लागेल. ह्याला अ‍ॅव्हरेज म्हणतात." मी म्हटलं, "अहो, अ‍ॅव्हरेज तर मी स्वतः आहे, नववीपासून." तो हसला. माझे कान मात्र टवकारले होते. चहा मागवला आणि त्याला बोलतं केलं.

त्याचं म्हणणं असं, की हा शब्द मुळात अरबी दर्यावर्दींचा. खराब झालेला माल, एवढाच त्याचा अर्थ. बंदराबंदरातून तो इटलीत, फ्रान्समध्ये गेला आणि तिथून इंग्रजीत. आधी नुकसान, मग सगळ्यांनी मिळून वाटून घेतलेलं नुकसान, आणि त्या वाटणीच्या हिशेबातून शेवटी आपली सरासरी. तुम्ही जन्मभर इंग्रजी शिकवलंत, सर. हे तुम्हाला ठाऊक होतं का? नसावं. आणि असतं, तरी तुमचा हात थांबला असता असं मला वाटत नाही.

हात तरी कुठे तुमचा होता म्हणा. नववीचा निकाल तयार होतोय. शिक्षकांच्या खोलीत तुम्ही खुर्चीत मागे रेलून डोळे मिटून बसला आहात आणि समोरच्या बाकावर मी, वर्गातलं सगळ्यात चांगलं अक्षर म्हणून निवडलेला. प्रगतिपुस्तकं भरायचं काम माझं, सही तेवढी तुमची. मार्क भरून झाले तेव्हा तुम्ही डोळे न उघडता शेरे सांगितलेत. "एक ते दहा, गुड. अकरा ते अठ्ठावीस, अ‍ॅव्हरेज. उरलेल्यांना पुअर." आपल्या शाळेत हजेरीचे नंबर आदल्या वर्षीच्या मार्कांवरून लागायचे. माझा तेविसावा. पण त्या वर्षी इंग्रजीत मी दुसरा आलो होतो आणि एकूणात पाचवा. ते आकडे त्याच पानावर होते, शाईसुद्धा वाळली नव्हती. मी धीर करून विचारलं, "सर, अ‍ॅव्हरेज म्हणजे काय?" तुम्ही म्हणालात, "घरी आरसा आहे ना?"

मंडईत आमचा गाळा होता, तुम्ही दर रविवारी तिथे यायचात. वांगी घेताना एकेक वांगं उचलून, उलटं करून, देठाखाली भोक आहे का ते बघायचात. पाव किलो वांग्यांना दहा मिनिटं. वडील कौतुकाने म्हणायचे, "सरांची नजर लई बारीक." निकालानंतरच्या रविवारी त्यांनी हात जोडून तुम्हाला विचारलं, "सर, पोराला धाव्वीला बसवू का गाळ्यावर बसवू? तुम्ही सांगाल तसं."

"शेरा लिहिलाय ना. वाचला नाहीत?"

"इंग्रजीत हाय, सर."

"मग घ्या कुणाकडून तरी वाचून. आणि कोथिंबीर घाला थोडी."

वडिलांनी शेजारच्या कारकुनाकडून वाचून घेतलं. तो म्हणाला, असातसाच आहे मुलगा, धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही. मार्कांचे आकडे वडिलांना कळत होते. पण सरांनी शब्द लिहिलाय म्हटल्यावर आकड्यांना कोण विचारतो? जूनमध्ये मुलं दहावीत गेली आणि मी गाळ्यावर बसलो. पुढे लेथवर हेल्पर, मग टर्नर, मग आपलं शेड. लोक विचारतात, शाळा का सोडलीत? मी हसून सांगतो, अभ्यासाचा कंटाळा होता हो. खोटं आहे ते. मला डिप्लोमा करायचा होता. आजही कुणी इंजिनिअर ड्रॉइंग उलगडून समोर बसला की चूक त्याच्या आधी मला दिसते, आणि ती दाखवताना मी "मला काय कळतंय म्हणा" अशी सुरुवात करतो. ही सवय तुमची देणगी.

बोट वाचवायला एकाचा माल फेकला, तर बाकीचे त्याची तोशीस सोसतात. दर्यावर्दी लोकांचा कायदा आहे हा, सर, शिकल्यासवरलेल्यांचा नव्हे. तुम्ही आम्हां अठरा जणांना डोळे मिटून पाण्यात टाकलंत. वाटा कुणी उचलला? विम्याच्या माणसाच्या कागदावर मी कुरकूर न करता सही केली. तो चकित झाला.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. कारण पेन माझ्या हातात होतं, सर. तुम्ही सह्या करताना वाचतसुद्धा नव्हता. मी माझ्यापुढे गुड लिहिलं असतं, तर कुणाला कळणार होतं? लिहिलं नाही, आणि त्यात प्रामाणिकपणा वगैरे काही नव्हता. तो शब्द सगळ्यात सुबक उतरला तो माझ्याच पुस्तकात. मी ते तुमच्यापुढे धरलं. तुम्ही एक डोळा उघडून "छान" म्हणालात, आणि मी खूश होऊन पळत घरी गेलो.