खत पाण्याच्या दिवशीच घालावं

सोलापूर, नोव्हेंबर

प्रिय ओजस,

तुझा मेसेज मिळाला होता. त्यात दोन प्रश्न होते. पहिला, घर विकायला काढण्याआधी तुझे बाबा लॉनला खत घालणार आहेत, तर घरात कुत्री असताना कुठलं खत चालेल. दुसरा, जानेवारीत बाबा तुझ्याकडे स्टुटगार्टला आले की शेंगाला सांभाळणारं माझ्या ओळखीत कुणी आहे का. शेवटी एक ओळ जोडली होतीस: व्हिडिओ कॉलवर शेंगा आता तुला ओळखतही नाही, तेव्हा तो कुठेही राहिला तरी त्याला फारसा फरक पडणार नाही. तीन वर्षांत आलेला हा तुझा पहिला मेसेज. मी "लिहून कळवते" एवढंच उत्तर दिलं, आणि त्यानंतर इतके दिवस गेले की तू उत्तराची वाट बघणं सोडून दिलं असशील. मेसेजचं उत्तर मी कागदावर का देते आहे, ते शेवटी सांगते. आधी खत.

लॉन पिवळं पडलं होतं हे खरं आहे. उदयसिंह नावाचा एजंट घर बघायला आला, तो फाटकातूनच काकांना म्हणाला, "सर, गिऱ्हाईक आधी गवत बघतंय. पिवळं दिसलं की म्हणतंय, या घराला पाणी न्हाय." इथे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं हे तुला आठवत असेल. हिरवं लॉन म्हणजे या गावात भरलेल्या टाकीची जाहिरात. काका तसेच नर्सरीत गेले आणि पोतं घेऊन आले. जन्मभर संस्कृत शिकवलेला माणूस, त्यांनी पोत्यावरचं अक्षर न् अक्षर वाचलं होतं. एरंडी पेंड आणि हाडांचा चुरा, शंभर टक्के सेंद्रिय. पेंड गुरं खातात, शेंगदाण्याची खातात, सरकीची खातात, मग एरंडीची पेंड कुत्र्याला काय करणार, असा त्यांचा हिशेब. पण एरंडीची पेंड गोठ्यात कुणी घालत नाही. तेल निघून जातं, विष पेंडीतच राहतं. आणि त्यात हाडांचा चुरा मिसळला की कुत्र्याच्या नाकाला ते जेवणच वाटतं. सेंद्रिय या शब्दावर माणसं फार लवकर निर्धास्त होतात. मंद्रूपहून माझ्या ऑफिसात माती तपासून घ्यायला येणारे शेतकरी होतात, काकाही झाले.

तुझा मेसेज आला त्याच्या दुसऱ्या दिवशीची ही गोष्ट. मी रविवारी जाऊन लॉन बघणार होते. काकांना तेवढा धीर नव्हता, कारण त्या दिवशी पाण्याची पाळी होती. पेंड पसरायची, नळाला पाणी आलं की पाइपने भिजवून टाकायची, असं त्यांनी ठरवलं होतं. ठरवलं ते चूक नव्हतं. फक्त त्या दिवशी कुठेतरी जलवाहिनी फुटली आणि पाणी आलंच नाही. काका नळ उघडा ठेवून व्हरांड्यात वाट बघत बसले आणि पेपर वाचता वाचता त्यांना डुलकी लागली. पेंड कोरड्या गवतावर तशीच. धाकटा कुत्रा कडक दळण आणायला निघालेल्या ईरम्माबरोबर गिरणीत गेला होता म्हणून वाचला. शेंगा घरी होता.

ईरम्मा काकांकडे काम करते, मला कधी फोन करत नाही. त्या दुपारी केला. "ताई, लौकर या की. शेंगा लई ओकायलाय, आन् सर नुस्तं त्याच्याकडं बघत बसलेत." मी सात रस्ता चौकातून रिक्षा केली आणि तिला पोत्याचा फोटो पाठवायला सांगितला. तो वाटेतच पशुवैद्यांना पुढे पाठवला. शेंगाला घेऊन आम्ही दवाखान्यात पोहोचलो तेव्हा त्यांची तयारी झाली होती, त्याचा उपयोग झाला. शेंगा वाचला. काही दिवस सलाइनवर होता. काका रोज तिथे येऊन बाकावर बसायचे आणि मला म्हणायचे, "मी वाचलं होतं गं सगळं." त्यांनी तुला हे कळवलेलं नाही, पण कळवू नकोस असंही मला सांगितलेलं नाही, म्हणून लिहिते आहे. तू त्यांना फोनवर काही विचारू नकोस.

सलाइन चालू असताना त्याचा पंजा धरून बसणं एवढंच माझं काम होतं. त्याच्या पंजाच्या गादीवरची ती तिरपी भेग अजून आहे. स्टेशनजवळच्या शेंगा भाजणाऱ्या भट्टीमागे, टरफलांच्या ढिगात तो सापडला तेव्हा ती जखम ताजी होती. तू त्याला रुमालात गुंडाळलंस आणि माझ्या प्रॅक्टिकलच्या एप्रनमध्ये ठेवलंस, कारण तुझा शर्ट नवा होता. घरी गेल्यावर तू काकूंना सांगितलंस, "हे आपलं आहे." काकूंनी आधी तुझ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग म्हणाल्या, "आपलं म्हणजे कुणाकुणाचं, ते एकदा नीट सांगा." तू हसलास. मी पिल्लाचे कान साफ करत राहिले. नाव काकूंनीच ठेवलं. दुसरं आणलंत तर त्याचं नाव कडक, शेंगाचटणीशेजारी कडक भाकरी हवीच, तिसरं आणायचं नाही, असंही तेव्हाच सांगून टाकलं. कडक आला तो बघायला त्या नव्हत्या, नाव मात्र त्यांचंच राहिलं.

ते लॉनही त्यांच्याच हट्टाचं. सोलापूरच्या उन्हात हिरवळ कशाला, असं काका म्हणत होते. आपण दोघांनी हरळीच्या काड्या लावल्या, अर्धं लॉन तू, अर्धं मी. मी फूटपट्टी घेऊन बसले होते आणि तू काड्या नुसत्या फेकल्यासारख्या खोचत होतास. "गवत आहे इंद्रायणी, ते काय रांगेत उभं राहणार आहे?" असं तू म्हणालास. ते खरं ठरलं. आता कुठे तुझं संपतं आणि माझं सुरू होतं, ते कुणाला ओळखता येणार नाही. मला येतं. तुझी बाजू कडुनिंबाच्या सावलीला जरा जास्त दाट आहे. कारण सावली, तुझी पद्धत नव्हे.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर. शेंगाला डॉक्टरांकडून आणायच्या आधी मी पेंड खरवडून काढली, वरची मातीही काढली, आणि खालच्या मातीचा नमुना तपासला. लॉन उपाशी नव्हतंच. आपली माती चुनखडीची, त्यात आता आटलेल्या बोअरचं वर्षानुवर्षांचं जड पाणी. अशा मातीत लोह असून गवताला मिळत नाही. पानाच्या शिरा हिरव्या आणि मधलं पिवळं, ही त्याची खूण. काकांनी कितीही पेंड घातली असती तरी ते हिरवं झालं नसतं. मी लोह देणारं हिराकस पाण्यात विरघळवून, लिटरला पाच ग्रॅम, थोडं लिंबूसत्त्व घालून पानांवर फवारलं. हिराकसही जास्त पोटात गेलं तर कुत्र्याला वाईट, म्हणून गवत पूर्ण वाळेपर्यंत कडकला मागच्या अंगणात बांधलं आणि पुड्याची उरलेली पूड मी घरी नेली. पुढच्या पाळीला चाळलेलं, पूर्ण कुजलेलं गांडूळखत पातळ पसरलं, पण नळाला पाणी सुरू झालं हे डोळ्यांनी बघितल्यावर. पाळी आहे म्हणून नव्हे. जो कुणी घर घेईल आणि कुत्रं पाळेल त्याला हे सांगून ठेव: पेंड नको, हाडांचा चुरा नको, युरियाचे दाणे गवतावर पडून राहू द्यायचे नाहीत कारण कुत्रं पंजे चाटतं, आणि पोतं झाकणाच्या डब्यात, उंचावर. तणनाशक मिसळलेलं तयार खत तर फाटकाच्या आत आणायचंच नाही.

लॉन आता हिरवं आहे. उदयसिंह खूश आहे. एक गोष्ट तेवढी बिघडली. फवारणी चालू असताना कडकने दोरी सोडवून घेतली आणि ओल्या गवतावरून व्हरांड्यात पळत आला. त्याचे पाय मी लगेच धुतले, पण शहाबादी फरशीवर पंजांचे ठसे उमटले, गंजाच्या रंगाचे. काकांनी विचारलं, हे कशाने जातील. ऑक्झॅलिक ॲसिडने जातात. मी सांगितलं नाही. कडक घरात असेपर्यंत ते ॲसिड वापरणं योग्य नाही, हे कारण पुरेसं आहे.

आता दुसरा प्रश्न. कडक ईरम्माबरोबर अक्कलकोटजवळ तिच्या गावी जाईल. तिने स्वतःच मागितला. शेंगा माझ्याकडे आहे. डॉक्टरांकडून मी त्याला सरळ माझ्याकडेच आणलं, तेव्हा दुसरं कुणी शोधायची गरज नाही. पण एक अडचण आहे. तो जेवत नाही. पोट बरं झालं आहे, रक्ताचे रिपोर्ट ठीक आहेत, ते मी स्वतः बघितले. डॉक्टर म्हणाले, "आता औषधाचं काम संपलं, मॅडम. म्हातारं कुत्रं आहे, कशात तरी मन लागायला पाहिजे." दूध दोन चमचे घेतो, तेही माझ्या हातावरून. दिवसभर दाराच्या फटीला नाक लावून पडलेला असतो.

तू लिहिलंस, तो तुला ओळखत नाही. हे निरीक्षण बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उन्हाळ्यापासून त्याला ऐकूही येत नाही. कुकरची शिट्टी झाली तरी कान हलत नाही. काका त्याच्यासमोर फोन धरायचे, तू हाका मारायचास आणि तो तोंड फिरवायचा, ते तेवढ्यासाठी. त्याच्याजवळ आता फक्त नाक उरलं आहे आणि फोनला वास नसतो. तू त्याच्यापर्यंत पोहोचतच नव्हतास. त्यात विसरण्याचा काही संबंध नाही.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. काका कपाटं रिकामी करत होते, त्यात तुझी बॅडमिंटनची बॅग निघाली. तीच, जिच्या वासावरून काकू तुला व्हरांड्यातच कपडे काढायला लावायच्या. आत तुझा टॉवेल होता, तू गेलास तेव्हापासून बॅगेची चेन उघडलीच नव्हती. वास अजून होता. मी तपासून सांगते आहे. बॅग घरी आणून शेंगापुढे ठेवली. त्याने डोकं आत घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलंच नाही. शेपटी इतकी हलत होती की मागचे पाय सरकत होते. त्या दिवशी त्याने ताटलीभर दहीभात खाल्ला. दुसऱ्या दिवशीही. मग ईरम्मा त्याला बघायला म्हणून आली आणि मी ऑफिसात असताना तिने बॅग, टॉवेल, सगळं साबणाच्या पाण्यात भिजवून, घासून, गच्चीवर वाळत घातलं. मी आले तर म्हणाली, "किती घाण वास मारायलता ओ ताई! आता बघा कसं झक्क झालंय." तिला मी चहा करून दिला. दुसरं काय करणार होते? शेंगा त्या धुतलेल्या टॉवेलपाशी दोनदा गेला, हुंगून परत आला आणि दाराशी जाऊन पडला. त्यानंतर पुन्हा जेवण बंद.

म्हणून हे पत्र. मेसेजने मागता आलं असतं, पण मेसेज तू कामाच्या गडबडीत वाचला असतास आणि हसून सोडून दिला असतास. हे हातात धरावं लागेल. ये म्हणून लिहीत नाही. घर विकायला लागेल ती सही काका इथून करू शकतात, आणि यायचं की नाही हा माझा विषय नाही. मला एवढंच हवं आहे: तू दोन-तीन दिवस अंगात घातलेला, न धुतलेला एक टी-शर्ट. डिओ मारायचा नाही. हवाबंद पिशवीत घाल, म्हणजे वास टपालात उडून जाणार नाही, आणि माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठव, तिथे ईरम्मा येत नाही. लवकर पाठव, त्याच्याकडे फार वेळ असेल असं मला वाटत नाही. सोबत चार ओळी लिहायच्या असतील तर त्या वेगळ्या पाकिटात घालू नकोस. त्याच पिशवीत ठेव. कागदालाही वास लागतो.

तुझीच,
इंद्रायणी