दुपारची पहिली हाक

॥ श्री ॥

लांजा,
१६ एप्रिल

ती. मैनाताईस,
गुरुप्रसादचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू माझे निम्मे ऐकतेस आणि उरलेले मनाने भरतेस, म्हणून पत्र लिहितो आहे. इकडे चिरेखाणीत उन्हाने कहर केला आहे. वारा वरच्या सड्याच्या उघड्या कातळावरून निघून जातो, खड्ड्यात उतरतच नाही. पावसाआधी चिरे हवेत म्हणून मालक दुपारची सुट्टी देत नाहीत. मुकादम मी, तेव्हा गड्यांना उन्हात उभे करणाराही मीच.

परवा भर बाराला आम्ही वर जेवायला बसलो होतो. चिरे कापणारा हरिश्चंद्र मशीन पुसून मागून येणार होता. एवढ्यात खड्ड्यातून त्याच्या आवाजात माझ्या नावाची हाक आली. एकदाच. मी ओ देणार, तोच शेजारच्याने मनगट धरले. भर दुपारी पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, माणूस असेल तर तीनदा हाक मारील, हे आईनेही आपल्याला शिकवले आहे. आम्ही सगळे हातात घास धरून बसून राहिलो. दुसरी हाक आली नाही.

जेवण उरकून खाली गेलो, तर हरिश्चंद्र चिऱ्यांच्या थप्पीमागे पडलेला. अंग तव्यासारखे, घामाचा टिपूस नाही, आणि त्या उन्हात तो घोंगडी मागत होता. पाणी ओतत ओतत गाडीत घातला. आता इस्पितळात आहे, शुद्ध हरपली आहे. लवकर आणायला हवा होता, असे डॉक्टर म्हणाले. त्याची बायको शमिका माझ्याकडे बघत नाही. देवापुढे बसतो, पण जप मध्येच तुटतो.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तो या उन्हात सुकू देऊ नकोस.

तुझा,
गुरुप्रसाद


बुरोंडी,
२१ एप्रिल

चि. गुरुप्रसादास,
मैनाताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हातातले काम सुटले. आईने पालेभाजी खा म्हणून सांगितलेले तू जन्मात ऐकले नाहीस, नेमके हेच बरे लक्षात ठेवलेस. अरे, होडीवरून पडलेल्या माणसाची हाक तिसऱ्यांदा येत नाही. पाणी तेवढी सवड देत नाही. तुझे भाऊजी पहिल्या हाकेलाच वळतात. भूत असेल तर असेल, म्हणतात.

अकरा ते चार काम बंद ठेव. माडाच्या झापांचा मांडव घाल, मीठ घातलेली पेज आणि गार पाणी जवळ ठेव, आणि कोणालाही एकटे सोडू नकोस. दोघा-दोघांची जोडी लाव. मालक ऐकत नसतील तर मुकादमी सोडून इकडे होडीवर ये. उलट्या होतील, पण जगशील.

हरिश्चंद्रासाठी रोज दिवा लावते आहे. माझी माया आहेच, डोक्यावर ओला टॉवेलही असू दे.

तुझी,
मैनाताई


लांजा,
८ मे

ती. मैनाताईस,
शि. सा. न. वि. वि.

हरिश्चंद्र घरी आला. वाळला आहे, पण बोलतो. तुझ्या हाकेला ओ दिली नाही, मला क्षमा कर, असे मी त्याला म्हणालो. तो म्हणाला, त्याने कोणालाच हाक मारली नव्हती. उलट, तो चक्कर येऊन बसला असताना मीच वरून त्याला हाक मारली. एकदाच. म्हणून तिसऱ्या हाकेची वाट बघत तो तिथेच बसून राहिला.

ताई, तेव्हा माझ्या तोंडात भात होता. शमिका उठली आणि दिवसाउजेडी तिने देवाजवळ दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी मालकांपुढे मशीनची चावी ठेवली आणि अकरा ते चार बंद, नाहीतर मी चाललो, असे सांगितले. ते पुष्कळ बोलले, मग चावी परत माझ्याकडे सरकवली. मांडव झाला, पेज आली, जोड्या लागल्या. जागेच्या राखणदार देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले, की जो कोणी हाक मारतो त्याने खुशाल मारावी, यापुढे आम्ही ओ देऊ.

काल भर दुपारी सगळे मांडवात होते. हरिश्चंद्रही येऊन बसला होता. खड्ड्यातून माझ्या नावाने हाक आली. आमच्यातला कोणीही खाली नव्हता. कोणी कोणाकडे बघितले नाही. मी ओ दिली आणि कळशी घेऊन उतरलो. नको म्हणत असताना हरिश्चंद्र मागोमाग आला.

खड्डा रिकामा होता. पण बांधापलीकडे, शेजारच्या खाणीत, एक अनोळखी गडी उन्हात एकटाच उभा होता, खांबासारखा. मी हाक मारली. त्याने मान वळवली, माझ्याकडे पाहिले, आणि तसाच उभा राहिला. मला वाटले, ऐकू गेले नसेल. तेव्हा हरिश्चंद्र हळूच म्हणाला, की तो मोजतो आहे.

मी दुसरी हाक मारली. मग तिसरी. तेव्हा कुठे त्याने ओ दिली आणि गुडघे मोडून खाली बसला. दोघांनी त्याला सावलीत आणून भिजवले. दात वाजत होते. आज इस्पितळात उठून बसला आहे.

सकाळी त्या खाणीच्या मुकादमाला भेटून आलो. त्यांचीही दुपार उद्यापासून बंद. तुम्हाला कळले कसे, असे त्याने विचारले. हाक आली, म्हटले. कोणाची ते त्याने विचारले नाही. तोही इथलाच आहे.

भाऊजींना नमस्कार सांग. आहे तो लोभ असाच वाहता असू दे.

तुझा,
गुरुप्रसाद