कोंबड्यांना कळलेली वेळ

दिघाशी, गुरुवार. नाइट शिफ्टचा चौथा दिवस. संध्याकाळचे साडेसात.

गोडाऊनच्या ड्युटीला निघायच्या आत लिहून टाकतो.

दिवसभर झोपलो होतो. जाग आली तेव्हा बाहेर फिकट उजेड होता. वाटलं, उजाडतंय. तोंड धुतलं, आईच्या इन्सुलिनची सकाळची सुई भरली, टोचायला तिच्याजवळ बसलो. तिला आता धड दिसत नाही, पण तिने माझा हात घट्ट धरला.

"आरं, कोंबड्या आताच खुराड्यात शिरल्या. सांज झाली. सकाळची सुई तूच दिलीस न्हाय काय?"

दिली होती? गोडाऊनमधून आल्या आल्या? मला काहीच आठवत नाही. घरात आम्ही दोघंच. कालच रिकाम्या केलेल्या कचऱ्याच्या डब्यात पाहिलं तर वापरलेली सुई पडलेली. डॉक्टर म्हणाले होते, चुकून दोनदा गेली तर झोपेतच शुगर उतरेल आणि कुणाला कळणारही नाही.

एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. माझ्या अंगाला सकाळ-संध्याकाळ ओळखूच येत नाही. कोंबड्यांना येते. आईला त्यांच्या आवाजावरून कळतं. आज कोंबड्या होत्या म्हणून...

एवढं लिहीपर्यंत खिडकी पांढरीफेक झाली. कुंपणापलीकडे नवं गोडाऊन उभं राहिलंय, त्याचे मोठे दिवे आज पहिल्यांदाच लागले. अंगणात भर दुपार. कोंबड्या खुराड्यातून बाहेर येऊन माती उकरतायत.

डुलकीतून जागी झालेली आई आतून विचारतेय, "उजाडलं काय रं? सुई आण."