आजीचं माहेरचं नाव

तळेगाव (श्यामजी पंत)
१४ नोव्हेंबर २०२५

ती. आनंदाआत्यास,
कैलासचा शिरसाष्टांग नमस्कार.

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर आलो. बोरगावला सगळे बरे असतील. इकडे वांगी बरी आहेत, वाफ्यातला सांबार, कोथिंबीर सगळी, पावसानं सडला. अंजू बरी आहे. बाबा बरे नाहीत.

पत्र फाडू नकोस, आत्या. तुझ्या भावाच्या, प्रभाकरकाकांच्या मुलीच्या लग्नात मी तुला नको ते बोललो, कबूल. पण तूही, बाबांची सख्खी मामेबहीण असून, भर मांडवात माझ्या आजोबांबद्दल म्हणालीस, "लढाईत नाई मेला तो, तिकडंच दुसरी करून बसला असन." बाबा समोर जेवत होते. जन्मभर 'पळपुट्याचा पोरगा' ऐकलेला माणूस, भरल्या ताटावरून उठला.

त्यानंतरच मी हट्टानं, लढाईवर जाऊन कधीच न परतलेल्या तानबाआजोबांच्या लष्करातल्या कागदांसाठी अर्ज केला. मार्चमध्ये एका शिपायाच्या नोंदीची प्रत आली. नाव तानबा, गाव तळेगाव, १९४४ साली ब्रह्मदेशात लढताना ठार. वडिलांचं नाव आणि पत्ता घडीत पुसलेला. आता आपल्या जिल्ह्यात तळेगाव काय एकच आहे? आणि तानबे तर तेव्हा घरोघरी. राहिलं बायकोचं नाव. ते आजीचं, म्हणजे अनुसया, नव्हतं.

बाबांना सांगितलं, हे आपले नव्हेत. कार्यालयालाही तसं लिहून दिलं. बाबा एवढंच म्हणाले, "मंग माहा बाप गेला कुठी?" तेव्हापासून त्यांचं जेवण तुटलं.

आता खरं सांगतो. मला ते आपलेच वाटले होते. पण तुझं बोलणं डोक्यात घट्ट बसलेलं. वाटलं, हीच ती दुसरी. आठ महिने मी बापापासून त्याचा बाप लपवला, का तर तू खरी ठरू नयेस म्हणून. लाज वाटते लिहिताना.

गेल्या रविवारी माझ्या मेहुण्याचा, रुपेशचा फोन आला. "भाऊजी, रीताले द्या जी." मी मिरच्या तोडत होतो, टोपलं तिथंच टाकलं. माझी अंजू माहेरी रीता आहे! लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं मीच तिचं नवं नाव लिहिलं, आणि आजीचंही कुणी बदललं असेल हे मला सुचू नये? काखेत कळसा आणि गावाला वळसा. आजोबा भरती झाले तेव्हा आजी बाळंतपणाला माहेरी, तुमच्या घरी होती. तिथं खबर जायची तर माणूस तिथलंच नाव सांगेल ना?

बाबांना विचारलं. ते चार वर्षांचे असताना ती गेली. त्यांना ती नुसती माय.

प्रभाकरकाका तर आजी गेल्यावर जन्मले, त्यांनाही माहीत नाही. ते नाव आता तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. तुझे वडील बहिणीला काय म्हणून हाक मारत? कागदावरचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर बाबांच्या मायेपोटी तू हो म्हणून टाकशील. तुला आठवतं तेच लिही.

डॉक्टरांनी परवा त्यांना घरी न्यायला सांगितलं. पाणीसुद्धा चमच्यानं घेतात. घाई कर, आत्या. मला चार शिव्या दे, त्याही चालतील, पण तुझ्या पत्रात ते नाव असू दे. तुझ्या पाया पडतो.

पत्र वेळेत आलं नाही, किंवा नाव दुसरंच निघालं, तरी मी बाबांना सांगणार आहे की तुमचे वडील लढताना गेले. तेवढं मला जमेल. फक्त त्यांच्या कानाशी वाकून बोलताना मी खरं बोलतोय की खोटं, हे मला कळू दे.

तुझा अपराधी भाचा,
कैलास