डाव्या वळणाआधी

बुधवार, १४ ऑक्टोबर
कारखाना, दुपार

प्रिय छोट्या,

खूप आशीर्वाद. मी बरी आहे, आई-बाबाही मजेत. आई रोज विचारते, "हा फोन का उचलत नाही? हरला की काय?" मी सांगते, जिंकतोय म्हणूनच उचलत नाही. माझाही उचलत नाहीस, म्हणून हे पत्र सामानाच्या ट्रकबरोबर पाठवतेय. उद्या सकाळी ट्रक ट्रॅकवर पोचेल. सामान उतरायच्या आधी वाच.

तुझ्या जोडीच्या ड्रायव्हरला, लंबूला, काल भेटून आले. मनगटाचं ऑपरेशन नीट झालं. डाव्या हाताने सूप पिताना अर्धं अंगावर सांडलं, तर म्हणतो कसा, "ताई, हा चमचाही तुमच्या गाडीसारखाच. कधी सुटेल सांगता येत नाही." मला हसू आलं नाही.

हंगामाची सुरुवात काय होती आपली! पहिल्या तीन रेसमध्ये शेपटाला. गाडी सरळ रस्त्यावर पळायची आणि वळणावर रडायची. मग मी गाडीचा नवा तळ काढला. गाडीखालून जाणारी हवा तिला रस्त्याला चिकटवून धरू लागली आणि तू चार रेस मारल्यास. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. त्या तळावर माझा किती जीव होता, ते तुला सांगायला नको.

लंबू तेव्हापासून म्हणत होता, वेगातल्या डाव्या वळणावर मागच्या चाकांची पकड जाते, मागची बाजू अचानक सुटते. पण आपल्या बैठकीची रीतच तशी. ज्याची फेरीची वेळ चांगली, तो आधी बोलणार. तू म्हणायचास, "गाडी एक नंबर." लंबूची पाळी येईपर्यंत आम्ही इंजिनियर खुर्च्या सरकवायला लागलेलो. एकदा तू त्याला म्हणालास, "मागची बाजू नाही रे, तुझा धीर सुटतो." सगळे हसले. मीही हसले.

गेल्या रविवारी तो तसल्याच वळणावर भिंतीवर आदळला. त्यानंतर तुझ्या गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण बघत बसले. फक्त तुझे हात. त्या वळणावर स्टिअरिंग किंचित उलटं फिरतं. वाटलं, गाडी सुटली आणि पठ्ठ्याने सावरली, भाऊ कुणाचा! मग तेच हळू करून पाहिलं. हात आधी फिरतात, गाडी नंतर सुटते. दर फेरीला.

सुटल्यावर सावरणं हे कसब. सुटायच्या आधी सावरायचं तर ती सुटणार हे माहीत असावं लागतं.

तू सांगितलं असतंस तर मी तळ बदलला असता आणि गाडी हळू झाली असती. तुलाही ते कळत होतं. याबद्दल आणखी लिहिलं तर हात आवरणार नाही.

या रविवारी लंबूच्या जागी राखीव ड्रायव्हर बसणार. ती पोरगी या तळाने तसल्या वळणावर एकदाही गेलेली नाही. साहेबांना सगळं सांगितलं. म्हणाले, "शेवटची रेस, आपण तीन गुणांनी पुढे. तुझा भाऊच म्हणतोय गाडी ठीक आहे, मग तुला काय खुपतंय?" मी जुना, सुरक्षित तळ लावायचा हट्ट धरला. "बघू," म्हणाले. त्यांच्या 'बघू'चा अर्थ आपल्याला ठाऊक आहे.

आज सकाळी मेकॅनिककाकांना म्हटलं, कटर द्या.

"पोरी, विचार केलास ना? हे परत जोडता येत नाही."

"म्हणून तर."

नवे दोन्ही तळ, तुझा आणि राखीव ड्रायव्हरच्या गाडीसाठीचा जादाचा, मी मधोमध कापले. काका दारात उभे राहिले, कुणाला आत येऊ दिलं नाही. ट्रकमध्ये आता सुरक्षित तळच आहेत. फेरीमागे दोन दशांश सेकंद हळू. तेवढ्यात तुझं अजिंक्यपद जाईल, हे कळतंय मला. गेलंच तर माझ्या नावाने खुशाल बोटं मोड.

साहेबांना अजून सांगितलेलं नाही. ट्रक निघाला की वर त्यांच्या खोलीत जाते. माझं इथलं काम आज संपेल बहुतेक. त्याआधी ते तुला एकच विचारतील, मागची बाजू खरंच सुटत होती का? माझी नोकरी वाचावी म्हणून हो म्हणू नकोस. सुटत होती म्हणून हो म्हण.

तुझ्यावर भयंकर चिडलेली, आणि तरीही रविवारी तुझ्या प्रत्येक फेरीला जीव मुठीत धरणारी,
ताई