मशीन नीटच होतं

प्रिय आ-युआन,

ऑफिसात तुला 'साहेब' म्हणतो, पण हे पत्र गावच्या शाळेत माझ्या बाकावर बसणाऱ्या युआनला आहे. समोर येऊन बोलायला लागलो की तुझा फोन वाजतो.

काल ओसाकाचे हिरायामा-सान आपली ऑर्डर रद्द करून दुसरीकडे गेले. इतकं जुनं गिऱ्हाईक! आणि तू सगळ्यांदेखत मला विचारलंस, "आ-शुइ, सर्व्हरवरच्या हिरव्या पाकिटाची तारीख उलटली होती का रे?" मशीन बिघडू नये म्हणून इथे सगळेच ठेवतात तसं मक्याच्या कुरकुऱ्यांचं ते पाकीट मीच ठेवतो, जुनं होण्याआधी बदलतो, हातही जोडतो. मशीनने शहाण्यासारखं वागावं असं मलाही वाटतं. पण पाकीट ताजं होतं आणि मशीनही नीट चाललं होतं. त्यांना हवे होते ते स्क्रू मागच्या गोदामात पडून आहेत, मी जाऊन पाहिले. आपल्या विक्रीच्या लोकांनी "माल नाही" सांगितलं. गोदामाचा हिशेब माझ्या मशीनमध्ये, गिऱ्हाइकाची ऑर्डर विक्रीच्या पाओ-लिएनताईंच्या मोबाइलमध्ये. दोघांची गाठच पडत नाही.

ती गाठ घालून देतो, गिऱ्हाइकाला आपला साठा घरबसल्या दिसू दे, धंदा वाढेल, हे किती वेळा सांगितलं. ताई म्हणतात, "मग आम्ही काय फुगे विकायचे? तुम्ही आपला प्रिंटर बघा!" सगळे हसतात, तूही हसतोस. धंदा वाढवायच्या बैठकीला मला बोलावतोस ते प्रोजेक्टर लावायला. भिंतीवर चित्र उमटलं की, "झालं, जा तू."

दर पंधरवड्याला कारखान्याच्या दारात भूमिदेवापुढे फळं मांडून आपण बरकत मागतो. माझी श्रद्धा तुझ्याहून कमी नाही. पण त्याने गिऱ्हाईक दारापर्यंत आणून सोडलं आणि आपण कडीच काढली नाही, तर त्याने आणखी काय करावं? वर खापर त्या पाकिटावर. याचाच संताप होतो.

आज दुपारी तुला न विचारता मी हिरायामा-सानना फोन केला आणि गोदामातला साठा त्यांच्या पडद्यावर उघडून दिला. त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाले, "हे आधी का नाही दाखवलंत?" गुरुवारी ते येताहेत. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं. कामावरून काढायचं असेल तर शुक्रवारी काढ. गुरुवारी मात्र मला त्यांच्यासमोर बसू दे.

रागावलेला, तरी तुझाच,
आ-शुइ